‘यंदाचाच घ्या’ म्हणणाऱ्यांना

होळीसाठी माणसं ऊसतोडीवरून, गुजरातेतल्या मजुरीवरून घरी परतू लागली की शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव इथल्या मोबाईलच्या दुकानांत गर्दी वाढते. भोंगऱ्या बाजार तोंडावर असतो, हातात चार पैसे असतात आणि घरात कुणाचा तरी फोन पार निकामी झालेला असतो. नऊ-दहा हजारांत काय येतं, एवढाच प्रश्न असतो. काउंटरवर दोन डबे पुढे येतात. एक यंदाचा, कंपनीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा. दुसरा गेल्या वर्षीचा. तेव्हा तो एक पायरी वरचा होता, आता भाव उतरल्यामुळे तेवढ्याच पैशांत किंवा हजारभर कमी पैशांत बसतो. सल्ला मात्र सगळीकडून एकच येतो: ‘यंदाचाच घ्या. जुन्या मॉडेलमध्ये पैसे अडकवू नका.’

दुकानदार हा सल्ला देतो, कारण नवं मॉडेल खपवायचं टार्गेट त्याच्या डोक्यावर असतं. शिकायला नाशिक-पुण्याला गेलेला भाचा फोनवरून तेच सांगतो. व्हिडिओ करून फोनची परीक्षणं करणारे तेच सांगतात आणि तालुक्याच्या बैठकीत ‘एकदाचा चांगला ५जी घेऊन टाका’ म्हणणारे साहेबही तेच सांगतात. यांच्यापैकी कुणाचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण सल्ला चुकीचा आहे आणि नंदुरबार जिल्ह्यात तो फार महागात पडतो. म्हणून त्यातले मुद्दे घेऊन मला उत्तर द्यायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, की हा हौसेचा विषय नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर शंभरातले ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सगळ्यात कमी. याच जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. तेव्हा आधारसाठी लागणारं यंत्र सरकारने गावात आणलं होतं. आता ते यंत्र माणसाने स्वतःच्या पैशाने विकत घेऊन खिशात बाळगायचं असतं. पिकाची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर गेली. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो चढवायची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण आली, तिचे अर्ज फोनवर. पुढच्या वर्षी तिची ई-केवायसी आली, तीही फोनवर. बँकेचा ओटीपी, शिष्यवृत्तीचा अर्ज, आश्रमशाळेचा व्हॉट्सॲप गट, सुरतेला गेलेल्या नवऱ्याने पाठवलेले पैसे, सगळं त्या एका वस्तूत. घरात फोन बहुतेक वेळा एकच, आणि पाच माणसं तो वापरणार. पुण्यातल्या माणसाचा फोन अडला तर लॅपटॉप असतो, शेजारी सायबर कॅफे असतो. अक्राणीच्या डोंगरातल्या बाईचा फोन हँग झाला तर तिचा हप्ता अडकतो.

आता पहिला मुद्दा, ५जीचा. ‘४जी आज ना उद्या बंद होणार’ हे ऐकून कित्येकांनी घरचे पैसे मोडलेत. ४जी बंद होणार असेल तर सरकार ते नव्याने कशासाठी उभारतंय? २७ जुलै २०२२ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या नेटवर्क न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती योजना ४जीची आहे आणि काम बीएसएनएलकडे आहे. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं लोकार्पण झालं २७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे सातपुड्यातल्या ज्या पाड्यांना आजवर धड रेंज नव्हती, तिथे आत्ता कुठे जे येतंय किंवा येणार आहे ते ४जी आहे. जो मनोरा आज उभा राहतोय तो दोन वर्षांत कुणी पाडत नाही. नंदुरबार, शहादा, नवापूर शहरांतल्या माणसाला ५जीचा वेग मिळेल, मिळो. पण त्याचा अनुभव मोलगीच्या पुढच्या पाड्यातल्या माणसाच्या गळ्यात घालू नये. जिथे मनोराच ४जीचा आहे तिथे ५जी फोनही ४जीच पकडतो.

डोंगरातल्या माणसाने विचारायचं ते वेगळंच आहे. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात, झाडी आणि डोंगराच्या कुशीत जास्त आत शिरतात. बीएसएनएलच्या ४जीला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा दिलेला आहे, जिओचं ४जी ८५० वरही चालतं, एअरटेलचं ९०० वरही. आपल्या गावात जिचा मनोरा आहे त्या कंपनीचा हा खालचा पट्टा फोन पकडतो का, हा इथला खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर फोन कोणत्या वर्षी आला यावरून कळत नाही. फोनच्या माहितीत ‘बँड’ म्हणून आकड्यांची एक ओळ असते, तिथे २८, ५, ८ हे आकडे आहेत का ते बघावं लागतं. हे सांगणारा दुकानदार मला आजवर भेटलेला नाही. मेगापिक्सेल मात्र सगळ्यांना पाठ असतात.

बरं, ५जी असा शिक्का डब्यावर आहे म्हणून शहरात तरी ५जी मिळेलच असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेडमी ए४ ५जी ८,४९९ रुपयांना बाजारात आला. दहा हजारांच्या आतला ५जी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण तो फक्त स्टँडअलोन प्रकारचं ५जी चालवतो. जिओचं जाळं त्या प्रकारचं आहे. एअरटेलने मात्र आपलं ५जी मुख्यतः ४जीच्या पाठीवर, नॉन-स्टँडअलोन पद्धतीने उभारलं होतं. परिणाम असा, की एअरटेलचं सिम असलेल्याने तो घेतला तर त्याच्या हातात पैसे ५जीचे मोजून ४जीच उरलं. पुढच्याच महिन्यात पोको सी७५ ५जी ७,९९९ रुपयांना आला, त्याचीही तीच गत. कंपनीने ही गोष्ट दडवली नव्हती, माहितीपत्रकात ती होती. पण धडगावच्या काउंटरवर माहितीपत्रक कोण वाचून दाखवतं?

आणि रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओने अमर्याद ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्याहून वरच्या प्लॅनवर ठेवलं. २८ दिवसांचा रोज दीड जीबीचा प्लॅन २९९ रुपयांचा झाला, रोज २ जीबीचा ३४९ चा. फरक पन्नास रुपयांचा. वर्षात असे तेरा रिचार्ज बसतात, म्हणजे साडेसहाशे रुपये. फोन दोन-तीन वर्षं वापरायचा तर हा खर्च फोनच्या किमतीत धरायला हवा. घेताना हे कुणी धरत नाही, आणि धरा म्हणून कुणी सांगतही नाही.

आता दुसरा दावा: नवं मॉडेल म्हणजे सुधारलेलं मॉडेल. वीस-पंचवीस हजारांच्या फोनमध्ये तसं असेलही. आठ-दहा हजारांच्या खालच्या थरात तसं नसतं, आणि याचा पुरावा कंपन्यांच्याच यादीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रेडमी १२ ५जी आला. आतला प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ४ जेन २, पडदा फुल एचडी, आणि सगळ्यात स्वस्त प्रकारातही १२८ जीबी साठवण. सतरा महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, त्याच कंपनीचा रेडमी १४सी ५जी ९,९९९ रुपयांपासून आला. प्रोसेसर तोच, स्नॅपड्रॅगन ४ जेन २. पडदा मोठा आणि १२० हर्ट्झचा, पण फुल एचडीवरून एचडीवर उतरलेला. स्वस्त प्रकारात साठवण १२८ वरून ६४ जीबीवर आलेली. किंमत खाली ठेवायची तर कुठेतरी कापावं लागतं, आणि जिथे गिऱ्हाईक बघत नाही तिथे कापलं जातं. याच खालच्या थरात एकच फोन दोन नावांनी विकला जातो: रेडमी १३सी ५जी आणि पोको एम६ ५जी हे जवळपास एकच, वर सांगितलेले ए४ आणि सी७५ हेही तसेच. ‘नवीन आलाय’ या शब्दांवर विसंबणाऱ्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं.

२०२५ च्या शेवटी शेवटी तर मेमरीच्या चिपाच महागल्या. एआयच्या डेटा सेंटरांनी त्या उचलायला सुरुवात केली आणि झळ पोचली ती सगळ्यात स्वस्त फोनना, कारण त्यांच्या किमतीत मेमरीचा वाटा मोठा असतो. अशा काळात येणाऱ्या नव्या स्वस्त फोनमध्ये कंपनी रॅम वाढवेल, की आहे तेवढ्यातच भागवेल, हे ज्याचं त्याने ठरवावं. काउंटरवर दिसणारे ‘८ जीबी’, ‘१२ जीबी’ हे आकडे नीट वाचावेत. ‘४ + ४’ असं लिहिलेलं असतं. त्यातले पहिले चार खरे. दुसरे चार म्हणजे साठवणीतलाच एक तुकडा रॅमसारखा वापरायचा, जो खऱ्या रॅमच्या मानाने फार संथ असतो. वर तेवढी साठवणही कमी होते. ६४ जीबीच्या फोनमध्ये अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरलेली ॲप यांनी मोठा वाटा खाल्लेला असतो. उरलेल्यात व्हॉट्सॲपचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि पाच माणसांची पाच खाती. वर्षाच्या आत ‘मेमरी फुल्ल’ येतं.

मेमरी कमी पडली की काय होतं, हे अंदाजाने सांगायची गरज नाही. महाराष्ट्रात ते एक लाखाच्या आसपास बायकांच्या बाबतीत घडलेलं आहे. २०१९ च्या सुमाराला राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने फोन दिले. कोरे करकरीत फोन, डब्यातून काढलेले. रॅम २ जीबी. त्या वेळच्या ॲपपुरते ते कसेबसे चालले. मार्च २०२१ मध्ये केंद्राने पोषण ट्रॅकर आणलं आणि हे फोन बसले. ॲप उतरेना, उतरलं तर उघडेना, फोन तापायचा, अडकायचा. वॉरंटी तोवर संपलेली. दुरुस्तीचे पैसे सेविकांच्या माथी. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी मोर्चे काढून ते फोन सरकारला परत केले. ॲपची भाषा इंग्रजी, ही तक्रार वेगळीच होती.

‘बघा, जुने फोन असेच बंद पडतात’ असं यावरून कुणी म्हणेल, तर त्याने हा प्रसंग उलटा वाचलाय. ते फोन दिले तेव्हा नवेच होते. ते पडले, कारण ते पहिल्या दिवसापासून तळाच्या पायरीचे होते आणि ॲप जरा जड झाल्यावर पेलायला त्यांच्यात काही शिल्लक नव्हतं. त्याच पैशांत वर्षभर आधी आलेला पण ३ किंवा ४ जीबी रॅमचा फोन घेतला असता, तर मोर्चात जाणारी ती दुपार त्या बायकांना अंगणवाडीत घालवता आली असती. आणि ॲप जड होत जाण्याचं काही थांबलेलं नाही. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्याने पडताळणं सक्तीचं झालं.

ते काम जवळून पाहण्यासारखं आहे. सेविका फोन समोर धरते. पडद्यावरच्या गोलात बाईचा चेहरा बसायला हवा. बाईच्या कडेवर मूल, ते पदर ओढतंय. चेहरा गोलात आला की पापणी मिटायची, मग एक चाक फिरत राहतं. कधी नेटवर्क नसतं म्हणून फिरतं, कधी फोन दमला म्हणून. दोन्ही वेळा चाक सारखंच दिसतं, त्यामुळे दोष कुणाचा ते सेविकेला कळत नाही. मग ती त्या बाईला घेऊन रेंजच्या जागी जाते, टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. बाहेर आणखी आठ जणी बसलेल्या असतात. कुपोषणासाठी ज्या जिल्ह्याचं नाव दरवर्षी विधिमंडळात निघतं, तिथे एका पाकिटासाठी हे चाललेलं असतं. त्या हातातल्या फोनला खरी रॅम किती आहे, हा प्रश्न माझ्या लेखी त्या फोनच्या वयापेक्षा शंभरपट मोठा आहे.

तिसरा मुद्दा सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही, तो दुरुस्तीचा. स्वस्त फोन पडतोच. मोटरसायकलवरून पडतो, जीपच्या टपावरून पडतो, मुलांच्या हातून पडतो. तालुक्याच्या बाजारात पत्र्याच्या टपरीत बसणारा दुरुस्तीवाला पोरगा हेच इथलं सर्व्हिस सेंटर. त्याच्या मागच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत फोल्डर टांगलेले असतात, म्हणजे काच आणि पडदा एकत्र असलेला भाग, प्रत्येकावर मार्करने मॉडेलचं नाव. ते कोणत्या मॉडेलचे असतात ते एकदा बघावं. गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीच्या वर्षीचे, जे फोन भागात खूप खपले त्यांचे. यंदाच्या मॉडेलचा फोल्डर तिथे नसतो. ‘सुरतहून मागवावा लागेल, आठ दिवस लागतील’ असं उत्तर येतं आणि आलेल्या फोल्डरचे पैसेही जास्त पडतात. चार्जिंगची पट्टी, बॅटरी, अगदी वरची काच आणि कव्हर, सगळ्यांचं असंच. एक वर्ष बाजारात काढलेल्या फोनचे दोषही तोवर उघडे पडलेले असतात: कोणता तापतो, कोणत्याची चार्जिंगची पिन लवकर ढिली होते, कोणता अपडेटनंतर संथ झाला. हे सगळं त्या पोराला तोंडपाठ असतं. फोन घेण्याआधी दुकानदाराला नव्हे, त्याला विचारावं. फोन विकून त्याला काही मिळत नाही, बिघडले की मिळतं, आणि तरी तो खरं सांगतो.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. सुरक्षेचे अपडेट. कंपनी फोनला दोन, तीन, चार वर्षं अपडेट देण्याचं कबूल करते, आणि ही वर्षं मोजायची सुरुवात आपण फोन घेतो त्या दिवसापासून होत नाही, मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून होते. रेडमी १२ ५जी ला तीन वर्षांचे सुरक्षा अपडेट कबूल केलेले होते, म्हणजे ऑगस्ट २०२६ पर्यंत. १४सी ५जी ला चार वर्षांचे, म्हणजे २०२९ च्या सुरुवातीपर्यंत. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एफ०६ ५जी ला कंपनीने अँड्रॉइडच्या चार पुढच्या आवृत्त्या आणि चार वर्षांचे सुरक्षा अपडेट देऊ केले. त्या किमतीला ही मोठी गोष्ट आहे आणि त्याबद्दल मी कंपनीला श्रेय देतो. ज्या फोनवर बँकेचं खातं आहे त्याला अपडेट हवेत, यात वादच नाही. खोट्या लिंका, खोटी ॲप, ‘तुमची केवायसी संपली’ म्हणणारे फोन आता पाड्यापर्यंत पोचलेत.

पण या मुद्द्यावरून ‘यंदाचाच घ्या’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की फार जुना घेऊ नका. दहा-बारा महिन्यांपूर्वी आलेल्या आणि चार वर्षांची हमी असलेल्या फोनला तीन वर्षं शिल्लक असतात. यंदा आलेल्या पण दोनच वर्षांची हमी असलेल्या फोनला दोन. मग नवा कोणता? नऊ-दहा हजारांचा फोन घरात तीन वर्षं टिकला तर खूप झालं, हे सगळेच जाणतात. शिवाय नुसती हमी पुरत नाही. चौथी आवृत्ती ४ जीबी रॅमच्या फोनवर उतरेल, पण उतरल्यावर फोन चालण्याजोगा राहील का? माझ्या मते सगळ्यात स्वस्त प्रकारात तो राहणं अवघड आहे. अपडेट पेलायलाही मेमरीच लागते. म्हणजे अपडेटचा मुद्दा नीट तपासला तर तोही फिरून तिथेच येतो: पैसे मेमरीत घाला. ज्याला दुकानात एकच प्रश्न विचारता येईल त्याने ‘हे मॉडेल कोणत्या महिन्यात आलं’ हे विचारावं. डब्यावर छापलेला महिना फोन तयार झाल्याचा असतो, मॉडेल आल्याचा नसतो. त्याने फसू नये. उत्तर दीड वर्षापेक्षा मागचं असेल आणि हमी तीनच वर्षांची असेल, तर तो फोन मीही घेऊ नका म्हणेन.

शहरात राहणारी, कॉलेजात जाणारी, पाच वर्षं फोन जपून वापरणार असलेली मुलगी असेल, घरी ५जी येत असेल आणि तीन-चार हजार वर घालता येत असतील, तर तिने नवा घ्यावा. तिच्याशी माझा वाद नाही.

वाद आहे तो शेवटच्या, भावनेच्या मुद्द्याशी. तो मला दोन-तीनदा तरुणांकडून ऐकायला मिळाला आणि तो मी हलका मानत नाही. ‘शहरातली पोरं नवं वापरणार आणि आदिवासी पोराने मागच्या वर्षीचं घ्यायचं? आम्ही कायम उरलंसुरलंच घ्यायचं का?’ या प्रश्नामागे पिढ्यांचा अनुभव आहे. आश्रमशाळेत निकृष्ट गाद्या, रेशनवर किडकं धान्य, दवाखान्यात नसलेली औषधं, हे पाहिलेला मुलगा असं विचारणारच. पण गेल्या वर्षीचं मॉडेल म्हणजे वापरलेला फोन नव्हे. तो सीलबंद डब्यातून निघतो, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून पूर्ण मिळते, त्यावर जीएसटीही तोच १८ टक्के भरावा लागतो. उरलंसुरलं मला उलट त्या यंदाच्या फोनमध्ये दिसतं, ज्यात साठवण निम्मी केली, पडदा उतरवला आणि वर नव्या वर्षाचा आकडा लावला. गरिबासाठी म्हणून मुद्दाम छाटून केलेली वस्तू ती आहे. जी वस्तू वर्षभरापूर्वी मध्यमवर्गीय माणूस बारा-तेरा हजारांना घेत होता ती आज नऊ-दहा हजारांत घेणं यात कमीपणा कसला? त्या मुलाचा मान त्याचा फोन चालण्यात आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना शेवटच्या पानावर फोन बंद पडला आणि तारीख उलटून गेली, तर मॉडेल कोणत्या साली आलं याने त्याला काही फरक पडत नाही.

हप्त्यावर घेणाऱ्यांसाठी हे आणखी खरं आहे. ‘बिनव्याजी’ म्हणून दिलेल्या कर्जातही फाइल चार्ज असतो, आधी भरायची रक्कम असते, आणि ऊसतोडीची उचल आधीच खर्च झालेल्या घरात आठ-दहा महिने हप्ता ओढणं म्हणजे काय, ते त्या घरालाच माहीत. नवा फोन बहुतेक वेळा हप्त्याच्या जोरावरच गळ्यात मारला जातो. हजार-दीड हजारांनी स्वस्त फोन रोखीने घेता येत असेल, तर तो फरक फोनपुरता राहत नाही.

अपडेटच्या घड्याळाची ही अडचण मुळात गिऱ्हाईकाने सोडवायची नाहीच. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत फोनला अपडेट देण्याची मुदत त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं धरली आहे आणि सुटे भाग सात वर्षं मिळायला हवेत असं म्हटलं आहे. म्हणजे तिथे गेल्या वर्षीचा फोन घेणाऱ्याचं एक दिवसही नुकसान होत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे विकतानाच जाहीर करावं लागतं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं आणि मे २०२५ मध्ये एका समितीने दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा अहवालही दिला. पण धडगावच्या दुकानातल्या डब्यावर त्यातलं अजून काही उमटलेलं नाही. एमआरपी छापतात तशीच ‘सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत’ ही एक ओळ छापायला लावा, खरी रॅम मोठ्या अक्षरात छापायला लावा, आणि मग बघा काउंटरवरचा सल्ला कसा बदलतो. कायदा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. राज्य सरकार पुढच्या वेळी अंगणवाडी सेविकांसाठी फोन घेईल तेव्हा निविदेत मॉडेलच्या वर्षाची अट घालू नये. खरी रॅम किमान ६ जीबी, साठवण १२८ जीबी, ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे सगळे बँड, खरेदीच्या तारखेपासून तीन वर्षं अपडेट, आणि तालुक्याच्या गावी मिळणारे फोल्डर व बॅटऱ्या, या अटी घालाव्यात. एक लाख फोन एकदम घेणाऱ्या गिऱ्हाईकाला कोणतीही कंपनी नाही म्हणणार नाही.